अकरा खुर्च्या आणि एक इस्त्रीचं टेबल

प्रिय विनीता,

हे पत्र आधी कागदावर लिहिलं, मग कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि तीनदा तपासून पाठवतोय. तेव्हा कृपा करून ओळीने वाच. तुला कादंबरीसुद्धा शेवटून वाचायची सवय आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने लिहिलं असतं, तर पहिल्याच तुकड्यावर तू फोन केला असतास आणि मग फोनवर मी काय बोललो असतो ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हणालो असतो, बाकी सगळं ठीक.

तर बाकी सगळं ठीक आहे. तुळस रेडिएटरपासून दोन फुटांवर ठेवली आहे. दीड फुटांवर पानं करपत होती आणि अडीचवर गळत होती. गुरुवारी मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला जाताना निळी फाइल घे, हिरवी नको. हिरव्या फाइलमध्ये निळ्या फाइलच्या झेरॉक्स आहेत.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी तू मला म्हणालीस, "मी येईपर्यंत नक्की ठरव. इथे राहायचं की मिरजेला परत जायचं. पण बर्फाचं कारण सांगू नकोस, खरं कारण सांग." मी म्हणालो, बर्फच आहे. त्यावर तू चिडलीस. "अर्ध्या जगाच्या डोक्यावर बर्फ पडतो. ते लोक काय करतात ते जरा विचारून बघ," असं म्हणून बॅग ओढत निघून गेलीस. तर मी विचारलं. म्हणजे ठरवून नाही विचारलं, पण चार देशांची माहिती माझ्याकडे जमा झाली आहे. कशी झाली ते सांगतो. शांतपणे वाच.

तू गेल्यानंतरच्या बुधवारी वादळ आलं. पावणेचौदा इंच बर्फ पडला. तीन ठिकाणी तुझी स्टीलची पट्टी खुपसून सरासरी काढली. गेल्या हिवाळ्यात आपण शिकागोत नवीन होतो आणि एवढा काही पडलाच नव्हता, त्यामुळे असला प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. रस्त्यावरच्या गाड्या गेल्या आणि त्यांच्या जागी पांढरी गाढवं झोपली आहेत असं वाटत होतं. मी दाराबाहेरची वाट फावड्याने मोकळी केली. कपडे चढवायला बावीस मिनिटं लागली आणि बर्फ काढायला चाळीस. खालच्या मजल्याच्या खिडकीतून कुमारकाका सूचना देत होते. "पाठ वाकवू नकोस! गुडघे वाकव! छातीत दुखलं तर सांग!" तीस वर्षं हृदयाची डॉक्टरी केलेला घरमालक असल्यावर छातीत न दुखतासुद्धा दुखायला लागतं.

शनिवारी कुमारकाकांच्या घरी, म्हणजे रेखाकाकूंकडे, हळदीकुंकू होतं. सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. "सुशांत, तीस जणी येणार आहेत रे, खुर्च्या कमी पडतायत. मी गल्लीत सांगून ठेवलंय, लोक बाहेर काढून ठेवतील. तेवढ्या गोळा करून आण बाबा." त्यांची गल्ली म्हणजे मागची, कचऱ्याचे डबे असतात ती, आणि लोक म्हणजे तिकडची दोन गुजराती घरं. हे मला नंतर कळलं. मला वाटलं, गल्ली म्हणजे आपला रस्ता. मिरजेत आमच्या बोळात कुणाकडे काहीही कार्य असलं की घरोघरच्या खुर्च्या गोळा करणं हे माझंच काम असायचं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर आडनाव रंगवलेलं असायचं, त्यामुळे परत देताना घोटाळा नाही.

मी पुढचं दार उघडलं आणि विनीता, खरं सांगतो, मला भरून आलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना, जिथे जिथे लोकांनी गाडीपुरता बर्फ खणून काढला होता, तिथे तिथे खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. प्लास्टिकच्या, लोखंडी, एक गादीवाली, एक लहान मुलाची. भाषा वेगळी, धर्म वेगळा, आपली साधी ओळखही नाही आणि काकूंच्या एका शब्दावर सगळ्या रस्त्याने खुर्च्या काढून ठेवल्या! एकाने तर इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं. मी म्हटलं, काय विचारी माणूस आहे, तिळगुळाची ताटं ठेवायला पाठवलंय. काकूंच्या नातवाच्या बर्फावरच्या घसरगाडीवर घालून तीन खेपांत सगळं आणलं. परत देताना चूक नको म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पायाला चिकटपट्टी लावून त्यावर घराचा नंबर लिहिला. मग एकेक खुर्ची कोमट फडक्याने पुसली. अकरा खुर्च्या आणि एक टेबल.

तीन वाजता बायका यायला लागल्या. कुणी नेपरव्हिलहून, कुणी शॉमबर्गहून, अशा लांबच्या उपनगरांतून, बहुतेक आपापल्या गाडीने. प्रत्येकीचं आत येताना तेच. "अगं, काय सुंदर पार्किंग मिळालं! अगदी दारात! एवढ्या बर्फात!" काकू मला म्हणाल्या, "तुझा पायगुण चांगला आहे हो." मी उगाचच लाजलो.

सव्वापाचला बेल वाजली. दारात एक उंच माणूस होता, सिटी बसच्या ड्रायव्हरचा गणवेश घातलेला. नाव मिर्झा, मूळचा बोस्नियातल्या सारायेवोचा. त्याने विचारलं, "माझी खुर्ची कुठे आहे?" मी हसून त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं की खुर्ची आत आहे, सुखरूप आहे, तिच्यावर एक काकू बसल्या आहेत आणि आम्ही सगळे तुमचे फार आभारी आहोत. मग त्याने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. त्याने दोन तास खपून खणलेल्या जागेत शॉमबर्गची लाल गाडी उभी होती.

कुमारकाकांनी मला बाजूला ओढलं. इथे असं असतं म्हणे, की ज्याने जागा खणली त्याची ती जागा, बर्फ वितळेपर्यंत. खुर्ची ही त्या जागेची खूण. कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. "अरे, या शहरात नवरा-बायको वेगळे झाले तर लोक महिन्यात विसरतात. खुर्ची हलवलेली कोणी विसरत नाही! कुणाची हलवलीस?" मी म्हणालो, सगळ्यांची. काकांनी स्वतःचीच नाडी बघितली.

आपल्याकडे गाडी नाही, विनीता. मला कसं कळणार?

साडेपाचपर्यंत दारात बारा माणसं जमली. इस्त्रीच्या टेबलाचा मालकही आला. त्याचं नाव डेनी, माँट्रियलचा, मिशीला बर्फ लागलेला. मला वाटलं, आता पोलीस येणार, माझा व्हिसा जाणार, माझ्यामुळे तुझाही जाणार, आणि तू गुरुवारी मुलाखतीला निळी फाइल घेऊन उभी राहशील तेव्हा तुला विचारतील की तुमचे यजमान खुर्च्या चोरतात का. पण रेखाकाकू हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन दारात आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "बाहेर का गारठताय? आत या. बूट मात्र काढा." आणि ते खरंच आत आले. बूट काढायला सांगितल्यावर माणसाचं निम्मं भांडण संपतं, हे मी नीट पाहिलं आहे.

बसायला जागा नव्हती, म्हणून मी बायकांना उठवायला लागलो. "काकू, जरा उठता? ही सत्तावीसशे चौदा नंबरची आहे." प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, डेनीला त्याच्या टेबलापाशी उभं केलं. काकूंनी तिळगूळ दिला, त्याच्याबरोबर काय म्हणतात ते समजावून सांगितलं, की हे खाऊन गोड बोलायचं असतं. मिर्झा म्हणाला, "आधी तुमची लाल गाडी हलवा, मग बघतो." पण लाडू खाल्ला. दुसराही घेतला.

आणि मग तो विषय निघाला. डेनी म्हणाला, "तुम्ही शिकागोवाले जंगली आहात. खुर्च्या कसल्या ठेवता? आमच्याकडे भोंगा वाजतो, सगळे आपापल्या गाड्या काढतात, मग यंत्र येतं, बर्फ गिळतं, ट्रकमध्ये ओकतं आणि ट्रक तो गावाबाहेर नेऊन टाकतो." मिर्झा म्हणाला, "मग तू इस्त्रीचं टेबल का ठेवलं होतंस?" डेनी म्हणाला, "इथे भोंगा नाही, मी काय करू?" हळदीकुंकवाला आलेल्या शिवांगीताई पूर्वी ऑस्लोला होत्या. त्या म्हणाल्या की तिकडे मोठ्या फूटपाथच्या खालून गरम पाण्याचे पाइप जातात, त्यामुळे फूटपाथ थंडीत कोरडा असतो आणि आपण सोडून बाकी सगळे स्की करत ऑफिसला जातात असं वाटतं. त्या गादीवाल्या खुर्चीच्या मालकीण हायाशीबाई, वय पंचाहत्तर, जपानमधल्या नागाओकाच्या. त्यांच्या गावी रस्त्याच्या मधोमध बारीक भोकं असतात आणि त्यातून जमिनीखालचं कोमट पाणी उडत राहतं. बर्फ पडता पडताच विरघळतो. "बूट मात्र घोट्यापर्यंत भिजतात," त्या म्हणाल्या, "त्याबद्दल अजून कोणाला काही सुचलेलं नाही." मिर्झाला विचारलं, तुमच्याकडे काय करतात? तो म्हणाला, "आमच्याकडे दर जानेवारीत बर्फ पडतो आणि दर जानेवारीत सगळे म्हणतात, यंदा अचानकच पडला बुवा. मग फावडं शोधतात. फावडं शेजाऱ्याकडे असतं."

तासाभरात बायका गाड्या काढून गेल्या आणि जागा मोकळ्या झाल्या. पण आपल्या खुर्चीवरून कोणी उठेना. मिर्झाला वाणात चहाची गाळणी मिळाली. डेनीने कपाळ पुढे केलं. काकूंनी क्षणभर विचार केला आणि लावलं कुंकू.

आता पुढचं जरा सावकाश वाच.

हायाशीबाईंनी खुर्चीच्या पायाची चिकटपट्टी काढली, चष्म्याजवळ नेऊन बघितली. सगळे आकडे एका उंचीचे, तारीख, कोणत्या खेपेत आणली ते. त्यांनी विचारलं, "हे तू लिहिलंस? तू कुठे शिकलास?" मी तोंड उघडण्याच्या आत रेखाकाकू कौतुकाने म्हणाल्या, "बी.कॉम. आहे तो! फर्स्ट क्लास! त्याच्या सासऱ्यांनीच, मोरेश्वररावांनीच सांगितलंय मला."

तुला आठवतं, तुझ्या बाबांना तसं सांगायचं कोणी ठरवलं? तू म्हणालीस, एकदा लग्न होऊ दे, मग सांगू. मी हो म्हणालो. मिरजेच्या छापखान्यात मी आठ वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या, एकाही पत्रिकेत कधी चूक जाऊ दिली नाही. आणि आपल्याच पत्रिकेत माझ्या नावापुढे कंसात ती तीन अक्षरं मी माझ्या हाताने बसवली. चारशे प्रती. मग इकडे आलो. इथे ज्याला भेटावं तो पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही काय करता, आणि दुसरा, तुम्ही काय केलंय. तू नोकरी करतेस, मला माझ्या व्हिसावर परवानगी नाही, इथपर्यंत मला सांगता येतं. दुसऱ्या प्रश्नाला मी उठून दाराजवळचे बूट नीट लावायला जातो. तू नेहमी विचारायचीस ना, प्रत्येकाच्या घरी तू बुटांपाशी का असतोस? म्हणून. मला मिरजेला जायचं होतं ते थंडीमुळे नाही. तिथे मला कोणी काही विचारत नाही.

त्या खोलीत मात्र उठून जायला जागा नव्हती. माझ्याभोवती अकरा खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीवर मी ज्याचा अपराधी आहे असा माणूस बसलेला होता. त्यात आणखी एक खोटं मला झेपलं नसतं. मी इंग्रजीत म्हणालो, "नाही. मी दहावी आहे. अकरावीत वडील आजारी पडले, सोडली." तोंडात लाडू होता, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे? मग मोरेश्वरराव..." आणि खाली बसल्या. मिर्झा म्हणाला, मी आठवी. डेनीने विचारलं, लाडू उरलेत का? हायाशीबाई गोड असं काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, आता डेव्हन रस्त्याजवळ एका हॉलमध्ये मोठ्या माणसांचा बारावीच्या परीक्षेचा वर्ग घेतात. चिकटपट्टीच्या मागच्या बाजूला त्यांनी पत्ता लिहिला आणि म्हणाल्या, "मंगळवारी साडेसहा. वही आण. चौकटीची."

मी हे पत्र आज का लिहिलं ते आता सांगतो. रेखाकाकूंना मी हात जोडून विनवलं आहे. त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत पोटात ठेवते. त्यापुढे माझा भरवसा मलाच नाही." रविवारी त्या तुझ्या बाबांना फोन करतात, हे तुला माहीतच आहे. तू आत्ता बाबांच्याच घरी आहेस, म्हणून सांगतो, त्याआधी हे पत्र त्यांना वाचायला दे. सगळं. ते रागावतील. रागावू देत. मी आल्यावर त्यांच्यासमोर उभा राहीन, पण आता लगेच येत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, इथे राहू या. काल वर्गाला गेलो होतो. अर्जात शिक्षणाचा रकाना होता, तिथे मी शाईने दहावी लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे गेलो. एवढंच. वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहा ते साडेआठ असतो, म्हणजे तुझ्याकडे बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सहा ते आठ. त्या वेळात फोन करू नकोस. मी शाळेत असेन.

तुझाच, दहावी पास,
सुशांत