दोनशे बारा पावलं

ता. ९ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार आधीच करून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्याला जागा उरेल असं वाटत नाही.

गेल्या रविवारी मी तुझ्या गावात होतो. शनिवारी पंपांची तपासणी होती, ती लांबली, म्हणून मुक्काम पडला. तुला कळवलं नाही, यावर तू आधी रागावशील. रागाव. मीही रागावलेलोच आहे.

सकाळी लॉजच्या माणसाने एक कागद हातात ठेवला. नगरपालिकेतर्फे शहरफेरी, दर रविवारी आठ वाजता, 'टोपीवाल्या काकांच्या वाटेने'. वाचून आधी हसूच आलं. गुरुवारची दुपार आठवली, शाळेच्या मधल्या हॉलमधला तो एकच टीव्ही, सतरंजीवर चारशे पोरं, आणि पडद्यावर टोपी घातलेला तो उंच माणूस आपल्याच गल्ल्यांतून चालत गावाचा इतिहास सांगतोय. आणि घरी आलो की आई विचारायची, आवाज शेवटपर्यंत ऐकू आला का, पोरं कुठे चुळबुळली. आपल्याला वाटायचं तिला कार्यक्रम आवडतो. तो तिने लिहिलेला असतो, हे कळायला मला चौथी उजाडली. मग मी ते वर्गात सांगितलं आणि बाईंनी खोटं बोललो म्हणून तासभर उभं केलं. तुला आठवत असेल, कारण घरी आल्यावर आईने पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा कुठे बोलू नकोस म्हणाली. कागदोपत्री ती स्टुडिओतली टंकलेखिका होती आणि नोकरी टिकवायची होती.

तर मी गेलो फेरीला. तीसेक माणसं होती, निम्मी माझ्या वयाची, सगळी काकांच्या आठवणींनी पाघळलेली. घड्याळाच्या मनोऱ्याखाली वाटाड्याने सांगितलं की मनोऱ्याला तीनच तबकड्या आहेत, कारण चौथ्या बाजूला गिरणी होती आणि कामगारांना वेळ कळू नये अशी मालकाची इच्छा होती. हे काकांनी शोधून काढलं. ताई, हे आईने घड्याळजीच्या दुकानातल्या माळ्यावर बसून, त्याच्या आजोबांची वही वाचून शोधलं होतं. तू शिडी धरून उभी होतीस.

मग तो म्हणाला, इथून रंगारी गल्ली दोनशे बारा पावलांवर आहे, काकांनी स्वतः मोजलीयत, तुम्हीही मोजा. सगळे मोजत निघाले. कुणाची दीडशे भरली, कुणाची एकशे पंचेचाळीस. वाटाड्या हसून म्हणाला, काकांची पावलं लहान असतील. सगळे हसले.

ती माझी पावलं आहेत. मी नऊ वर्षांचा होतो. चालता चालता किती वाक्यं बसतील हे ठरवायला आई मला चालायला लावायची आणि तू वहीत आकडा लिहायचीस. तो सहा फुटी माणूस, त्याची दोनशे बारा कशी भरतील?

शेवटी सगळ्यांना एक पुस्तिका दिली. लेखन आणि संशोधन, टोपीवाले. आईच्या वह्यांतले परिच्छेद जसेच्या तसे. आणि शेवटच्या पानावर आभार, बारीक अक्षरात: जुने कागद उपलब्ध करून दिल्याबद्दल कार्यक्रमाच्या टंकलेखिकेची मुलगी.

म्हणजे तू. तू त्या वह्या त्याला दिल्यास. मला न विचारता. कशासाठी, एवढंच कळव.

तुझा,
धाकटा

---

ता. १५ जून

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद आहेतच, ते मागे घेता येत नाहीत. तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहिलं असतं तर ते तुला वाचवलं नसतं. तीन दिवस थांबले. तरी राग तेवढाच आहे, फक्त अक्षर जरा बरं येतंय.

माझ्या दारापासून दहा मिनिटांवर तू रात्र काढलीस आणि आला नाहीस. ते राहू दे. तू विचारलंस, मला न विचारता का दिल्या. विचारलं होतं. आई गेल्यावर दीड महिन्याने घरमालकाला खोल्या परत द्यायच्या होत्या. मी एकटी सामान उपसत होते. पलंगाखालची ट्रंक उघडली, आत तेरा वह्या, कापडात बांधलेल्या. त्याच दुपारी तुला फोन केला. तू म्हणालास की तू मीटिंगमध्ये आहेस, आणि जुने कागद कशाला सांभाळतेस, रद्दीत टाक. मी म्हटलं, आईचे आहेत. तू म्हणालास, ताई, भावनेच्या भरात घर भरू नकोस. मग फोन ठेवलास. ही वाक्यं मी चार वर्षं पाठ केली आहेत, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

आता तुला त्या वह्यांचा उमाळा आला. तीस लोकांत तुझी पावलं चोरलेली ऐकली तेव्हा आला.

मी रद्दीत टाकल्या नाहीत. माझ्या दीड खोलीत, प्रुफांच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवल्या. मग टोपीवाले आले. थकले होते, काठी होती. आईच्या फोटोसमोर बसले, डोळे पुसले. म्हणाले, बाई नसत्या तर मी कुणीच नव्हतो. पुस्तक करतो, मुखपृष्ठावर दोन्ही नावं. मी चहा केला आणि वह्या दिल्या. पावती घेतली नाही. रडणाऱ्या माणसाकडून पावती कशी मागायची, ते मला कुणी शिकवलं नाही.

पुस्तिका आली, ती दुकानातल्या काउंटरवर पाहिली. तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतला सुटलेला काना आणि उलटी वेलांटी शोधून पोट भरते मी, आणि माझ्या आईचं अख्खं नाव सुटलं ते माझ्याच हातून. त्यांच्या घरी गेले. सून म्हणाली झोपलेत. पुन्हा गेले. पुन्हा झोपलेले. तिसऱ्यांदा गेले नाही. तुला कळवलं नाही, कारण लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर तू काय म्हणशील ते माहीत होतं. तेच तू म्हणालास.

जेवणाच्या वेळा पाळ. पित्त तुझं जुनं आहे आणि चिडलास की वाढतं.

ताई

---

ता. २४ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. त्या फोनबद्दल काय लिहू. मला तो आठवत नव्हता. तुझं पत्र वाचून मी माझी जुनी डायरी काढून बसलो, त्या महिन्यात मीटिंग होती की नव्हती ते बघायला. अर्ध्या तासाने कळलं की मी पळवाट शोधतोय. बंद केली. मी म्हणालो असणार. तसाच मी बोलतो. घरात बायकोलाही विचारलं, ती म्हणाली हो, अगदी तसाच.

तोवर एक उद्योग करून बसलो होतो. मी टोपीवाल्यांना पत्र टाकलं होतं. काल त्यांचं उत्तर आलं, टाइप केलेलं, पाच ओळींचं. त्या काळच्या नियमांनुसार टंकलेखिकेला लेखनाचं श्रेय देता येत नसे. आपल्या मातोश्रींनी हयातीत कधी तक्रार केली नाही. त्या अत्यंत हुशार टंकलेखिका होत्या. वह्या मिळाल्यास बाजूला काढून ठेवतो, सध्या सापडत नाहीत.

हुशार टंकलेखिका हे शब्द वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. वकिलाकडे जाणार होतो. मग वाटलं, चार वर्षं तू एकटीने हे गिळलंस आणि मी आता येऊन हुकूम सोडायचा हे बरं नाही. तू सांगशील तसं करतो. काहीच करू नको म्हणालीस तरी ऐकेन, पण तसं म्हणू नकोस.

तुझ्या गुडघ्याला कसं आहे?

तुझा,
ठोंब्या

---

ता. ३ जुलै

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. वकील नको. वह्या माझ्याकडे आहेत. अकरा. दोन मिळाल्या नाहीत.

रविवारी मी फेरीला गेले. नावनोंदणीच्या टेबलापाशीच कळलं की फेरीला वर्ष पूर्ण झालं म्हणून काका स्वतः आलेत. खुर्ची, हार, डोक्यावर तीच टोपी. मला त्यांनी ओळखलं आणि दुसरीकडे बघितलं. मी गुपचूप मागे चालत राहिले. खरं सांगते, तोंड उघडायचा धीर होत नव्हता. तुला पत्रात झोडपणं सोपं आहे, पन्नास अनोळखी माणसांत बोलणं निराळं.

रंगारी गल्लीत आता कापड रंगवायची एकच कढई उरली आहे. त्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी बसते, कोपरापर्यंत हात अजून निळसर. वाटाड्याने सांगायला सुरुवात केली की काका इथे तीन महिने येत होते, रंगाऱ्यांच्या पंगतीला बसत होते. म्हातारी ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली की हे गृहस्थ एकच दिवस आले होते, कॅमेरा घेऊन. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून भट्ट्या विझवायला लावल्या होत्या आणि त्या दिवशीचा माल वाया गेला होता. तीन महिने आली ती एक बाई. सोबत दोन मुलं असायची. आमच्यात बसून जेवायची, रंग कसा धरतो ते वहीत लिहायची आणि लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवायची, चुकलं का म्हणून. त्या बाईचं नाव कुणी घेत नाही का, असं तिने वाटाड्याला विचारलं.

काका म्हणाले, मी नेहमीच सांगत आलोय, बाईंची मदत होती. तेव्हा मला कंठ फुटला. मी म्हटलं, नेहमी कुठे सांगितलंत ते दाखवा. मी त्यांची मुलगी. वह्या तुम्ही रडून नेल्यात, आज परत द्या. गल्ली अरुंद आहे, सगळ्यांना ऐकू गेलं. ते म्हणाले घरी या, सवडीने बघू. मी म्हटलं, सवड आता आहे. आणि त्यांच्याच रिक्षात जाऊन बसले.

सापडत नव्हत्या त्या वह्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, नजरेसमोर होत्या. वर तपकिरी कव्हर घातलेली, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांचं नाव. मी तिथेच जमिनीवर बसून कव्हरं काढली. सुनेने दोरी आणून दिली आणि गाठ मारताना बोट धरलं. सासऱ्यांकडे तिने पाहिलं नाही.

मी निघाले तेव्हा ते खुर्चीतून म्हणाले की मी पडद्यावर होतो म्हणून पोरांनी ऐकलं. तुझ्या आईला कुणी पाहिलं नसतं.

ठोंब्या, जिना उतरले, कोपऱ्यावर बाकावर बसले, मांडीवर तो गठ्ठा, आणि रागाने रडायला आलं, कारण ते कदाचित खरं असेल. पण ते खरं की खोटं हे एकदा तरी बघायला हवं होतं. एका गुरुवारी. वीस मिनिटं. कुणी तिला तेवढीही दिली नाहीत, आणि तिने मागितलीही नाहीत, याचाही मला राग आहे. तिच्यावरसुद्धा.

नगरपालिकेच्या कचेरीत काल अर्ज दिला. कारकून म्हणाला, पुढच्या आवृत्तीत विचार करू. करतील न करतील. पण फेरीतल्या सात जणांनी माझा पत्ता घेतला होता, आणि येत्या रविवारी मी त्यांना घेऊन निघणार आहे. वह्या हातात घेऊन, तिची वाक्यं तिच्या नावाने वाचत. म्हातारीने पहिल्यांदा आपल्याकडे या म्हणून सांगितलंय. गुडघा दुखेल, दुखू दे.

शाई उडत चालली आहे, सगळं नव्याने उतरवून काढायला हवं. अकरा वह्या माझ्या एकटीच्या डोळ्यांना झेपणार नाहीत. रजा काढ आणि ये, निदान पंधरा दिवस. वह्या तुझ्याकडे पाठवणार नाही, ते मनातून काढून टाक. बायकोलाही आण, तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. फोनवरचं ते बोलणं मी विसरले असं समजून मात्र येऊ नकोस. विसरलेले नाही, आणि विसरायला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. तरी ये.

लोभ आहे, राग आहे, दोन्ही असू दे.

तुझी,
ताई