बंदूक राहू दे

नंदनवन, नागपूर
मंगळवार, १३ मे

सौ. वहिनी,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व क्षेम, तिकडची खुशाली कळवणे' असं लिहायची पद्धत आहे म्हणे. इकडे क्षेम नाही, आणि तिकडची खुशाली तू कळवणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी नमस्कार.

पत्र बघून हसशील. सोनिका आणि पत्र! पण तू माहेरी गेल्यापासून तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, मेसेजला एकच टिक येते, आणि दादाच्या फोनवरून केला असता तर तू 'बरी आहे, ठेवते' म्हणून ठेवला असतास. शिवाय फोनवर मी खोटं फार सफाईनं बोलते. कागदावर तेवढं जमत नाही, हे आत्ताच तिसरा कागद फाडताना लक्षात आलं.

घाई आहे, म्हणून आधी कामाचं. येत्या रविवारी आई, दादा आणि वामनरावकाका भंडाऱ्याला तुझ्या माहेरी येणार आहेत. तुझ्या बाबांना शनिवारी कळवतील. येतायत ते 'समजावून सांगायला'. मधुवंतीचं घरात ध्यान नसतं, सांगावं एक आणि ती ऐकते दुसरंच, हे चार माणसांत, तुझ्या बाबांसमोर निघणार. मग तू म्हणायचं की हो, माझं चुकतं, यापुढे होणार नाही. आणि मग तुला घेऊन यायचं, असं ठरलंय. काका बोलणार आहेत. ते अशा वेळी फार गोड बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते. हे पत्र त्याआधी तुझ्या हाती पडायला हवं.

बाकी बातम्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेतलं तर किंचाळायला होतं. कूलरचा पंप गेलाय, मी दर अर्ध्या तासानं बादलीनं पाणी ओतते. आईच्या कुरड्या यंदा तुटल्या. चीक ढवळायला तू नव्हतीस, मी होते, आणि मी मधेच उठून गेले. मला हल्ली एका जागी बसवत नाही. आई म्हणते, "पायाले भिंगरी बांधली काय वं तुह्या?" हे पत्रसुद्धा मी आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग जिन्यात, आणि आता तुमच्या खोलीतल्या टेबलावर लिहिते आहे.

फोनवरचा आपला तो बंदुकांचा गेम बंद आहे. म्हणजे उघडते, पण लढाईत उतरत नाही. सरावाच्या मैदानात जाते. तिथे टेबलांवर सगळ्या बंदुका मांडलेल्या असतात, फुकट, कुणाशी भांडण नाही. एक उचलते, फळीवर चार गोळ्या घालते, ठेवते. दुसरी उचलते. हिला धक्का फार, तिचा आवाज नको, ही रिकामी व्हायला वेळ लागत नाही. सगळ्या झाल्या की पुन्हा पहिलीपासून. ज्या एम-फोरवर माझा एवढा जीव होता तीसुद्धा हातात बसत नाही.

लग्न जुळवताना पत्रिका बघण्याऐवजी माणसाला गेममध्ये उतरवावं आणि पहिल्या घरात तो काय उचलतो ते बघावं, हे माझं मत तुला पाठ आहे. दादा दिसेल ते उचलतो आणि मग भलत्याच बंदुकीच्या गोळ्या पाठीवर वाहत हिंडतो. त्याच्या ऑफिसातला प्रशिक आधी मलमपट्ट्या शोधतो, मग शस्त्र. मला एम-फोर लागते, तिला दुर्बीण, पकड, सगळं जोडलेलं लागतं, आणि ते दुसऱ्याच्या पिशवीतून मागून घ्यायला मला लाज वाटत नाही. तू उरलेलं घ्यायचीस.

आपल्या चौघांत कुणी काय घ्यायचं ते मीच ठरवायचे ना! तुला शॉटगन द्यायचे, कारण ती कुणालाच नको असायची. एकदा तर तुझ्या वाट्याला नुसता तवा आला होता, आणि तू त्या तव्यानं दोघांना लोळवलंस. दादा आठवडाभर म्हणत होता, "हिच्याशी भांडायचं नाही बा आपल्याले." किती हसलो होतो. मग एक दिवस चुकून लांब पल्ल्याची बंदूक तुझ्या हातात आली आणि कळलं की टेकडीपलीकडचा माणूस तू पहिल्या गोळीत आडवा करतेस. लग्नाआधी फोनवर फक्त रांगोळ्या बघणारी बाई! मी सगळ्यांना सांगत सुटले, मी शिकवलं हिला.

आणखी एक होतं. तू विचारायचीस. "सोनूताई, हा स्कोप घेऊ काय? सोनूताई, पट्टी लावू काय?" मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नणंद. भाजी कोणती करू, पडदे कोणते लावू, तसंच गेममध्येही. तिथे नणंद-भावजय काही नसतं. पेटीजवळ जो आधी पोचला त्याचा माल. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझं विचारणं मला आवडायचं.

थांब, कूलरला पाणी घालून येते.

आले. दादाच्या कंपनीच्या स्पर्धेबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण ते टाळलं तर पत्र कशाचं? घरात आणि मिहानमधल्या त्या अख्ख्या ऑफिसात जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे ती आधी तशीच लिहिते.

शेवटचं वर्तुळ, मैदान आक्रसत एवढंसं झालेलं. तीन संघ उरलेले. स्टेजवर आपण चौघं शेजारी शेजारी, कानांवर हेडफोन. विमानातून ड्रॉपची पेटी पडली ती कुंपणाच्या पलीकडे, तू सगळ्यात जवळ. तू पोचलीस, उघडलीस. आत ती बंदूक होती, ड्रॉपशिवाय कुठेच न मिळणारी, हेल्मेटसकट माणूस एका गोळीत झोपवणारी. तू विचारलंस, "सोनूताई, ही मी घेऊ काय?" मी म्हणाले, "राहू दे." तू ती पेटीत ठेवलीस आणि शॉटगन घेऊन कुंपणाआड परत आलीस. थोड्याच वेळात मी पेटीपाशी मेले. समोरच्यांनी ती बंदूक उचलली आणि तिनंच दादा, प्रशिक आणि शेवटी तुला टिपलं. जिंकणाऱ्या संघाला मिळणारी पुण्याची फेरी गेली.

दादा तिथेच, साहेबांसमोर तुझ्यावर ओरडला, "पेटी उघडून रिकाम्या हातानं काहून परत आली तू?" तू म्हणालीस, "ताईनं राहू दे म्हटलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी हसले. म्हणाले, "वहिनी, तुझ्याजवळच राहू दे म्हटलं होतं मी!" माइकवाल्या माणसानं ते माइकवर सांगितलं आणि सगळा हॉल हसला.

मग घरात त्याचा विनोदच झाला. आई म्हणायची, "डाळ गॅसवर राहू दे," आणि तू विचारायचीस, "म्हणजे उतरवू नको ना?" लोक हसायचे. तू प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागलीस. दोन चमचे? दोनच ना? साखर ना? एक दिवस तूच दादाला म्हणालीस, "मलेच कमी ऐकू येत असंल."

रामदासपेठेतल्या त्या कानाच्या दवाखान्यात मी तुमच्यासोबत आले होते. काचेची छोटी खोली, तुझ्या कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. मी बाहेर बाकावर बसून बघत होते. तू डोळे मिटून श्वास रोखला होतास. एकही आवाज तुझ्याकडून सुटला नाही. दोन्ही कान उत्तम, असा रिपोर्ट आला आणि तू काउंटरपाशीच रडायला लागलीस. दादा म्हणाला, "कान बरोबर आहेत, मंग ध्यानच नसते तुझं." तू माझा हात धरून विचारलंस, "सोनूताई, मंग मले झालं तरी काय?"

मी तुला पाण्याची बाटली दिली.

त्यानंतर तू माहेरी निघून गेलीस. आज इथेच थांबते.

बुधवार, १४ मे, सकाळ

काल पुढे लिहवलं नाही. आज एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा उठून जाईन.

परवा प्रशिक घरी आला होता. फोनमधली जागा मोकळी करताना त्याला त्या सामन्याचं रेकॉर्डिंग सापडलं. त्याच्या पडद्याचं, आपल्या चौघांच्या आवाजासकट. आम्ही गच्चीच्या जिन्यात बसून ऐकलं. तुझा प्रश्न. माझे दोन शब्द. मी ते पुन्हा पुन्हा लावले. आवाजावरून काही म्हणजे काही कळत नाही, वहिनी. तुझ्याजवळ राहू दे, असंही ऐकू येतं. तिथेच राहू दे, असंही येतं. मला हायसं वाटलं, खरं सांगते.

मग प्रशिकनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या नकाशावर बोट ठेवलं. माझा पिवळा ठिपका. तो कुंपणाआड असतो, आणि 'राहू दे' म्हटल्याबरोबर सुटतो तो थेट पेटीकडे. प्रशिक म्हणाला, "तिच्याजवळ राहू दे म्हटलं, मंग तू तिकडे काहून पळून राहिली?" मग तो म्हणाला, "मी कोणाले सांगणार नाही. तूच सांग." आणि चहा न घेता गेला.

मला ती बंदूक हवी होती. बस, एवढंच आहे. तू ठेव, मी येऊन घेते, हाच माझा अर्थ होता आणि तू तो अगदी बरोबर ओळखलास. माइकवाल्यानं त्या दिवशी तुझं नाव चारदा घेतलं होतं. माझं एकदाही नाही. मी शिकवलेली, तवा घेऊन हिंडणारी माझी वहिनी, आणि साहेब दादाला विचारतात, 'ही कोण रे तुमची?' मी जळले. एकेका गोळीत एकेक माणूस पाडून मी त्या हॉलला दाखवणार होते की खरी कोण आहे. पेटीपर्यंतसुद्धा पोचले नाही धड.

हे एवढंच असतं तरी चाललं असतं. गेममध्ये असा हावरटपणा कोण करत नाही? पण दादा तुझ्यावर ओरडला तेव्हा मला दोन अर्थांचा शब्द सापडला आणि मी त्याच्या आड लपले. पहिल्या दिवशी मी खोटं बोलले. नंतर इतक्यांदा बोलले की कधीकधी मलाच वाटायचं, मी तसंच म्हणाले असेन. काचेच्या खोलीबाहेर मात्र असं काही वाटत नव्हतं. तिथे मला सगळं पक्कं माहीत होतं. मी दार ढकलून एक वाक्य बोलले असते तर तुला ते बटण दाबत बसावं लागलं नसतं.

बुधवार, संध्याकाळ

घरी सांगितलं.

आई गहू निवडत होती. तिला आधी सांगितलं, वाटलं सोपं जाईल. तिनं सगळं ऐकलं, सुपातले खडे बाजूला केले आणि म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीसाठी आता कायले उकरून काढतं वं? रविवारी येईलच मधुवंती घरी. राहू दे." मी म्हटलं, "आई, ती वेडी झाली असती." आई म्हणाली, "झाली तर नाही ना." आणि सूप पाखडायला लागली. तिचा राग करू नकोस असं मी म्हणणार नाही. मलाच आला आहे.

दादा ऑफिसातून आला तेव्हा त्याला क्लिप दाखवली आणि नकाशावरचा ठिपकाही. तो बूट काढायचंसुद्धा विसरला. क्लिप संपल्यावर त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "दवाखान्यात तू सोबत होती ना?" मी म्हटलं, "होते." त्यानं फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, "मी तिले बोललो, ध्यान नसते म्हणून. दवाखान्यात सगळ्यांसमोर बोललो." त्याचा आवाज फाटला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, असा आवाज मी ऐकला नव्हता.

त्यानं काकांना फोन करून रविवारची बैठक मोडली. कारण सांगितलं, माझं नाव घेऊन सांगितलं. काका आता माझ्याशी गोड बोलतील, ते मी भोगीन. रविवारी तो एकटाच निघणार आहे. आईनं त्याला डबा देते म्हटलं, तो नको म्हणाला. तो येऊन काय बोलेल ते मला माहीत नाही. तू त्याला घरात घे, बाहेरच्या बाहेर परत पाठव, त्याच्याबरोबर ये किंवा येऊ नकोस. त्यात तो चुकलाय तेवढं त्याचं, आणि मी केलंय ते माझं. तो माझ्या वतीनं माफी मागायला लागला तर त्याला गप्प कर.

तुझ्या बाबांच्या नावानं दुसरं पत्र लिहिलं आहे, यातलंच सगळं, फक्त बंदुकांची नावं गाळून. दोन्ही उद्या सकाळी पोस्टात टाकते. ती हातातून गेली की मग मला काही फिरवता येणार नाही, म्हणून घाई.

पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहितात. लोभ मागायला मला तोंड नाही. कळावं मात्र एवढंच, की तुझे कान चांगले आहेत, तुझं ध्यानही चांगलं आहे, आणि त्या दिवशी त्या हॉलमध्ये तू एकटीच बरोबर ऐकत होतीस.

सोनिका