मीटरवाले, दर्जा साधा

३ मार्च, मंगळवार

आलेलं सामान — चहा, ३८. धुण्याचा साबण दोन वड्या, २२. दिव्याचं तेल, ४५. काळा दोरा, ६. आणि चित्रांच्या कार्डांचं एक पाकीट — ३०! हे शेवटचं मी मागवलेलं नाही. ह्यांनी आणलं, न विचारता. तीस! तेवढ्यात देवापुढचा दिवा किती दिवस चालतो!

"अगं, सगळं गाव घेतंय," हे म्हणाले. "आपल्याच गावातली माणसं छापलीयत. खास जमवणाऱ्यांसाठी काढलाय संच." गावातली माणसं मी रोज फुकट बघते, म्हटलं.

तरी पाकीट मीच उघडलं, कात्रीने, कडेकडेने. चांदीचा कागद कशालाही उपयोगी पडतो. आत पाच कार्डं. नळ दुरुस्त करणारा. वाचनालयातल्या बाई. पाववाल्याचा म्हातारा कुत्रा. दाताचे डॉक्टर. आणि पाचवं — हे! खुद्द हे!

पाठमोरे आहेत. कुणाच्या तरी फाटकाशी, पाण्याच्या मीटरवर वाकलेले. चेहरा दिसत नाही, पण पाठीवरचा रफू माझ्या हातचा, मी ओळखणार नाही? मागे छापलंय — "मीटरवाले. बळ दोन. संयम नऊ. खास शक्ती : कुठलंही फाटक न करकरता उघडतात. दर्जा : साधा."

जन्मभर ह्यांनी घरोघरचे मीटर वाचले. निवृत्त झाले तेव्हा खात्यातलं कुणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही. आज छापून आले! कार्ड देवापुढे ठेवलं. मग लक्षात आलं, चित्र सरळ ठेवलं तर ह्यांची देवाकडे पाठ, उलटं ठेवलं तर देवाला नुसतं बळ दोन दिसणार. शेवटी बाजूला भिंतीला टेकवलं. देवा, समजून घे.

४ मार्च, बुधवार

वन्सं आल्या. वाटलं, भावाचं कौतुक करायला आल्या. कसलं काय! पर्समधून स्वतःचंच कार्ड काढलं. सोनेरी कड, हलवलं की चमचम. शिवणाचा क्लास घेतानाचा फोटो, हातात मोजपट्टी, राणीसारखी. दर्जा : दुर्मिळ. खास शक्ती : एका नजरेत समोरच्याची एक फेरी चुकवते. छापणाऱ्यांना माणसं कळतात एवढं खरं. मला लग्नापासून अनुभव आहे.

"वहिनी, तुम्हाला दादा किती निघाले?"

"एक."

"एकच? माझ्या पहिल्याच पाकिटात तीन दादा!"

हे हसले. पण चहा अर्धा टाकला. ह्यांनी चहा टाकलेला मी कधी पाहिला नाही.

६ मार्च, शुक्रवार

नळवाला भेटला. "काकू, काका हवेत का? एवढे झालेत, टाकूनच देणार होतो."

१० मार्च, मंगळवार

गावात हे कुठे नाहीत! चहाच्या दुकानात टेबल डुगडुगतं, त्याच्या पायाखाली हे. भाजीवाली ह्यांच्या पाठीवर हिशोब करते. "ताई, कागद जाड आहे, पेन फुटत नाही." वाचनालयात पुस्तकांच्या खुणा म्हणून हे. आणि सायकली! चाकाच्या तारांत कार्ड अडकवायचं नवीन खूळ निघालंय. रस्त्याने हे फर्रर्र करत जातात!

संध्याकाळी दूध आणायला ह्यांनी पिशवी घेतली, दारापर्यंत गेले. बाहेरून एक फर्रर्र गेलं. पिशवी खुंटीला परत लावली.

"आज तू जा," म्हणाले. "माझा पाय दुखतोय."

कुठला पाय विचारलं, तर सांगता येईना.

११ मार्च, बुधवार

आज हे खिडकीकडे पाठ करून बसले. दिवसभर. अगदी कार्डावरच्यासारखे.

मी जपाला बसले, पण माळ एकीकडे, मन दुसरीकडे. मॅट्रिकला अर्थशास्त्र होतं मला. बाजारात माल कमी झाला की भाव चढतो, एवढं अजून पाठ आहे. म्हणजे हे कमी व्हायला हवेत.

देवा, हे साठेबाजीत मोडतं का? माल दुसऱ्या कुणाचा नाही, नवरा माझाच आहे. मला तरी पाप दिसत नाही. तुला दिसलं तर आजच सांग.

१२ मार्च, गुरुवार

काही सांगितलं नाही.

१८ मार्च, बुधवार

पैसा खर्च करायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. सुईदोरा आहे की घरात! बटण लावून दिलं की एक हे. कॉलर उलटवून दिली की तीन. पाववाल्याच्या एप्रनला खिसा लावला, त्याने मूठभर हे दिले, वर मोजलेसुद्धा नाहीत. मला राग आला. निदान मोजावेत तरी!

वाचनालयातल्या बाईंना जुन्या पावत्या कापून खुणा करून दिल्या आणि पुस्तकातून ह्यांना सोडवलं. चहावाल्याच्या टेबलाखाली लाकडाची पाचर घातली. "काकू, टेबल दुरुस्त करायला आलात की काय?" म्हणाला. म्हटलं, डुगडुग बघवत नाही.

सगळे पलंगाखाली, जुन्या चादरीत बांधून ठेवले. खाली एवढे हे, वर एक हे. वरचे झोपले की खालच्यांचा विचार येतो.

२५ मार्च, बुधवार

आज पूर्ण बाजार फिरले, एकही फर्रर्र नाही!!

२ एप्रिल, गुरुवार

कागदपेन्सिलींच्या दुकानाबाहेर पाटी — "मीटरवाले विकत घेतले जातील." मी दोनदा वाचली, मग पिशवी घट्ट धरून पुढे निघाले.

दुपारी दाताचे डॉक्टर घरी! कार्ड जमवणाऱ्यांच्या मंडळाचे ते सचिव. याआधी ह्यांची दाढ काढली तेव्हा तोंडाकडे बघत होते, माणसाकडे नाही. आज बूट दाराबाहेर काढून आत आले.

"वहिनी, साहेब आहेत का?"

साहेब! मी स्वयंपाकघरात जाऊन आधी पोटभर हसून घेतलं.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले, चिमट्याने आमचं भिंतीजवळचं कार्ड उचललं. "कोपरे बघा, साहेब! काय कोपरे! असा मीटरवाला जिल्ह्यात उरला नाही. माझ्या एका मित्राने ह्याच्यासाठी वाचनालयातल्या बाई, पाववाल्याचा कुत्रा आणि वर तुमची बहीण देऊ केली."

"माझी बहीण?" हे ताठ बसले. "वर?"

"वर."

संध्याकाळी हे स्वतः पिशवी घेऊन दुधाला गेले. येताना सगळा रस्ता वाकडा करून वन्संच्या घरावरून आले. देवापुढे साखर ठेवली. तू पावलास बाबा.

९ एप्रिल, गुरुवार

लिहायला वेळ मिळत नाही, कारण घरातली दोघांची कामं आता मी करते.

डॉक्टर सांगून गेले की दुर्मिळ वस्तूला ऊन, वाफ आणि हात लागू द्यायचा नाही. कार्डाबद्दल म्हणाले होते. ह्यांनी स्वतःला लावून घेतलं.

म्हणून हे उन्हात जात नाहीत. वाफ नको म्हणून स्वयंपाकघरात येत नाहीत. भाजी चिरत नाहीत, कोपरे झिजतात म्हणे. कोपरे म्हणजे कोपर की काय, कोण जाणे! चहाचा कप रुमालात धरतात. आणि काल पलंगावर काय केलं — आडवे झाले आणि मला म्हणाले, "बघ गं, दोन्हीकडे मोकळी जागा सारखी आहे का?" चित्र मधोमध नसलं तर दर्जा उतरतो. मी म्हटलं, मधोमध तुम्ही, मग मी कुठे?

"तुझं खाली अंथरूण घालू या का, थोडे दिवस?"

खाली तर तेच ते. चादरीत बांधलेले. मी सतरंजी टाकली आणि त्या गठ्ठ्याला टेकून झोपले.

१३ एप्रिल, सोमवार

आज ह्यांच्या कपाळाला हात लावून बघत होते, अंग तापलंय का म्हणून. मागे सरकले. "डाग पडतात," म्हणाले. मला.

इतकी वर्षं ह्याच हाताने —

नको. भाजी करपेल.

१५ एप्रिल, बुधवार

डॉक्टर टेप घेऊन आले. ह्यांची उंची घेतली, खांद्यांची रुंदी घेतली, बसल्यावर गुडघे किती पुढे येतात ते घेतलं. मी विचारलं, सदरा शिवताय का?

"काचेचं कपाट, वहिनी! मंडळाच्या सभागृहात. कार्डाशेजारी साक्षात मूळ माणूस! कुठल्याच गावाने असं केलेलं नाही. खुर्ची आत बसेल, हवेला भोकं ठेवू. सोमवारी घेऊन जातो."

"आणि परत कधी आणता?"

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी डॉक्टरांकडे.

"बघू, मागणी कशी राहते," डॉक्टर म्हणाले.

"अगं, रविवारी तुला तिकीट पडणार नाही," हे म्हणाले. इतके खूश होते! मला माझ्या नवऱ्याला बघायला रविवारी तिकीट पडणार नाही!

देवा, मी मागितलं होतं ह्यांची मान वर व्हावी म्हणून. मान वर झाली. आता माणूसच चालला. चूक तुझी नाही, भाव मीच चढवला. आता उतरवणंही माझंच.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी हे अंधाऱ्या खोलीत पडले असताना गठ्ठा बाहेर काढला. दोन पिशव्या भरल्या. निघाले.

ह्यांची जुनी वाट मला तोंडपाठ आहे. कुठल्या घरी काय पाहिलं, कोण पाणी द्यायचं, कुणाचं कुत्रं अंगावर यायचं — सगळं रोज जेवताना ऐकलेलं. त्याच वाटेने गेले. दर फाटक उघडायचं, टपालपेटीत चार हे टाकायचे, पुढचं घर. फाटकं करकर करतात हो! एकूणएक! ह्यांना कसं जमायचं?

वळणावर वन्सं उभ्या. हातात मोजपट्टी.

"वहिनी! हे काय, दादाला वाटत सुटलात?"

मी सांगितलं. पलंगाखालचं, कपाटाचं, सोमवारचं, सगळं. त्यांनी ती प्रसिद्ध नजर लावली. मी नेहमीसारखी गप्प झाले नाही, इतकंच.

"म्हणजे माझ्या भावाला डबाबंद करणार?" वन्सं म्हणाल्या. "लोणचं आहे का तो? द्या इकडे अर्धा. वरचा रस्ता माझा."

दुपारपर्यंत वाटून संपवला.

२० एप्रिल, सोमवार

डॉक्टर आले नाहीत. निरोप आला — कपाट आलंय, पण त्यात पाववाल्याचा कुत्रा बसवणार. दुकानाबाहेर पाटी : "मीटरवाले घेतले जाणार नाहीत. कृपया विचारू नये."

हे हातमोजे घालून तयार होऊन बसले होते. दुपारी मोजे काढले, घडी केली, मला दिले. मी आत जाऊन दारामागे उभी राहिले. कपाटात गेले असते तर निदान हसत तरी गेले असते, असंही मनात आलं.

२३ एप्रिल, गुरुवार

बाहेर फर्रर्र झालं. हे उठले, खिडकीशी गेले, बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले.

"त्या चाकाला तेल हवंय," म्हणाले. आणि तेलाची डबी घेऊन उन्हात गेले! परत आले ते हात काळे, हातात दूध. स्वयंपाकघरात आले, वाफेत उभे राहिले, पाटावरची सुरी घेतली.

भाजी चिरता चिरता म्हणाले, "पलंगाखाली आता झाडू आतपर्यंत जातो. बरं झालं."

म्हणजे माहीत होतं! केव्हापासून, ते मी विचारलं नाही. त्या काळ्या हाताचा डाग माझ्या साडीवर पडला, तो धुवायचा राहिलाय.

४ मे, सोमवार

कार्डवाल्यांचं पत्र आलं, माझ्या नावे. दुसरा संच निघतोय. त्यात मीटरवाले नाहीत, "फार झाले." त्यांच्या जागी मी. सोनेरी कड. दर्जा : एकमेव. जगात एकच प्रत.

खोटं कशाला लिहू, आरशात बघून आले. मग उत्तर लिहिलं, ते इथे उतरवून ठेवते —

"महाशय, पत्र पावले. माझी एक प्रत काढू नये. ह्यांच्या जितक्या, तितक्याच माझ्या काढाव्यात, आणि त्याच पाकिटात घालाव्यात. ह्यांना वगळणार असाल तर मलाही वगळावे. दर्जा साधा चालेल. उलट टपाली कळवावे."