दोघांच्या नावाचं पत्र

पाचोड
१८ फेब्रुवारी २०१३

चि. सोनिया हिस बद्रीनाथमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडं आम्ही बरे आहोत, म्हणजे दुष्काळात जितकं बरं असावं तितके. फोन करू नकोस, पत्र लिही, हे पुन्हा सांगतो. परवा तू ताप आहे का विचारत होतीस आणि मी न ऐकताच हो, हो म्हणत राहिलो. तू घाबरून आमच्या सत्यमला पळवलंस. बिचारा शेंद्र्याच्या कारखान्यातून तसाच निघून आला, तर मी ओट्यावर ज्वारी निवडत बसलेलो. कान गेले ते गेलेच, आता पोराची रजा तरी वाचव.

दिवाळीआधी पित्ताच्या नळीतली गाठ काढली, जखम भरली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला. आता सलाईनमधून द्यायचं औषध तेवढं राहिलंय. त्याचा वार मंगळवार, आणि गावात टँकर येतो तोही मंगळवारीच. मी औरंगाबादेत पलंगावर, आणि तुझी मामी एकटी ड्रम घेऊन रांगेत. परतल्यावर मला उलट्या होतात, तेही तिलाच निस्तरावं लागतं.

आता मुद्द्याचं. माझ्या गाठीचा तुकडा तुमच्या प्रयोगशाळेला द्यायला मी खुशीनं सही केली. गाठीतले मायक्रो-आरएनए मोजून आजार कुणाचा लवकर उलटेल याचा अंदाज येतो का, ते तुम्ही शोधताय, असं तू म्हणाली होतीस. तर माझा अंदाज काय निघाला? वाईट असेल तर औषध कशाला घ्यायचं, आणि चांगला असेल तरी कशाला घ्यायचं? जन्मभर शाळेत पोरांचे निकाल वाचून दाखवले. माझा मला सांगायला कचरू नकोस.

मामीला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. गाठ साधी होती आणि हे औषध ताकदीचं आहे, असं मी तिला सांगितलंय.

माया आहेच, पाण्यासारखी ती आटू नये, एवढीच इच्छा.

तुझा,
बद्रीनाथमामा


पाचोड
२६ फेब्रुवारी

चि. सोनियास मनकर्णामामीचा आशीर्वाद.

चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिवते, हसू नको. हे पत्र तुझ्या मामाला ठाव नाय. सत्यमच्या हाती देऊ लागले.

ते मला म्हणतात गाठ साधी व्हती. मी व्हय म्हणते. पण ऑपरेशनच्या वक्ती त्या वॉर्डाच्या दारावर काय लिवलं व्हतं ते मला वाचता आलं, बाई. ताकदीच्या औषधानं माणसाची ताकद अशी जात नसती. त्यांच्यासमोर मी लई हसते, कायबाय बोलत ऱ्हाते. चारा नाय म्हणून जनावरं माझ्या भावाकडं धाडली. गोठा रिकामा झाला, तेवढी रडायला जागा झाली.

तुमी त्यांचा तुकडा तपासला म्हणं. काय निघालं ते मला सांग. किती दिवस हायेत ते मला कळलं तर मी त्या हिशोबानं ऱ्हाईन. त्यांना सांगू नको, हिंमत सोडतील.

सत्यम म्हणतो, माझ्या फ्लॅटवर चला. शेंद्र्याच्या रस्त्यानं नव्या इमारती उभ्या ऱ्हाऊ लागल्या, पण त्यांच्या दारात बी टँकरच दिसतो. मंग गावच काय वाईट?

तुझी बी तब्येत संभाळ. लई वाळलीस मागच्या वेळी. मामीवरची माया पातळ करू नको.

मनकर्णामामी


औरंगाबाद
१० मार्च

ती. मामा आणि ती. मामी, दोघांनाही सोनियाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र तुम्हा दोघांच्या नावानं आहे. दोघं समोर असतानाच द्यायचं, असं सत्यमदादाला बजावलंय. मामांनी मोठ्यानं वाचायचं, मामीनं ऐकायचं, आणि मधे थांबायचं नाही.

तुम्ही दोघांनी मला एकच प्रश्न विचारलात आणि दोघांनीही तो दुसऱ्यापासून लपवायला सांगितलं. मामा, आजार कॅन्सरचा आहे हे मामीला पहिल्यापासून ठाऊक आहे. मामी, तुला ठाऊक आहे हे मामांना ठाऊक नव्हतं, आता झालं. माझ्यावर रागवा. पण एकाला सांगून दुसऱ्यापुढं तोंड मिटून बसणं मला जमणार नाही. तुमच्याच घरी वाढलेय मी.

तुकड्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. कुठला क्रमांक कुणाचा, ते आमच्या मॅडमनाच माहीत. मला मोह झाला. मी त्यांच्याकडं गेले आणि मामांचा क्रमांक मागितला. त्यांनी नाही म्हटलं, पण समोर बसवलं आणि विचारलं, की कळून तू काय करशील. मी हट्ट सोडून उठले.

का सोडला ते सांगते. शरीरातल्या पेशीत सतत हुकूम सुटत असतात, हे बनव, ते बनव. मायक्रो-आरएनए म्हणजे ते हुकूम मधेच अडवणारे फार बारीक रेणू. निरोगी माणसातही ते असतात, कामाचेच असतात. या आजारात त्यातले काही वाढतात आणि गाठीला आवर घालणारे हुकूमच अडवून धरतात. काही घटतात, मग जे अडायला हवं ते मोकाट सुटतं. त्यातला एक, एकवीस क्रमांकाचा, ज्यांच्या गाठीत जास्त असतो त्यांचा आजार लवकर उलटतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ती पुष्कळांची मिळून गोष्ट झाली. तो जास्त असूनही नीट राहिलेली माणसं आहेत आणि कमी असूनही लवकर गेलेली आहेत. मामा, वर्गाचा निकाल सत्तर टक्के लागला म्हणून कुठलं पोरगं पास झालं ते कळतं का?

आमचं काम अजून कच्चं आहे. त्याच्या भरवशावर औषध घ्या किंवा सोडा, असं मी कुणालाही सांगणार नाही, तुम्हाला तर नाहीच. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच आज खरं: आजार उलटण्याची भीती मोठी आहे, आणि या औषधानं ती किती कमी होईल ते नक्की नाही. म्हणजे ठरवावं लागणार, ते तुम्ही दोघांनी. एकट्या मामांनी नाही.

पुढं लिहवत नाही. चुकलं असेल तर कान धरा, पण मला परकी करू नका.

तुमची,
सोनिया


औरंगाबाद, सत्यमचा फ्लॅट
२ एप्रिल

चि. सोनियास आशीर्वाद द्यावेत की तिचे कान उपटावेत, हे अजून ठरलेलं नाही. तूर्त आशीर्वाद घे.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचू लागलो. मामीला पहिल्यापासून ठाऊक आहे, इथपर्यंत आलो आणि थांबलो. सत्यम भिंतीकडं बघत उभा. मामी म्हणाली, थांबू नका, पोरीनं सांगितलंय. पुढं वाचून झाल्यावर म्हणाली, ‘मला तुमच्याआधी कळलं होतं’, आणि माझ्या बहिऱ्या कानांना ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारच्या वच्छलाबाई काय झालं ते बघायला आल्या.

दोन दिवस मी तिच्याकडं पाठ करून ज्वारी निवडली. मला राग तुझा नव्हता. ती गोठ्यात जाऊन रडत होती आणि मी तिथं ओट्यावर बसून तिला फसवल्याच्या समाधानात होतो, ते जिव्हारी लागलं. तिसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली. मी म्हणालो, मला औषधाची नाही, उगाच लांबण्याची भीती वाटते. ती म्हणाली, मला मागं राहण्याची. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही असं कधी बोललो नव्हतो.

मग तिनं ठरवलं, आणि मी मान्य केलं. औषध पुरं करायचं, तोवर सत्यमकडं राहायचं. टँकरची फिकीर इथंही आहे, पण बादल्या तो चढवतो. मंगळवारी मामी माझ्या पलंगाशी बसते आणि नर्सचं बोलणं मला कानाशी ओरडून सांगते. अख्ख्या वॉर्डाला माझी खबर असते.

रविवारी जेवायला ये. उरलेलं भांडण तोंडी करू. तोवर आमची आठवण कोमट होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा


पाचोड
१२ डिसेंबर २०१४

चि. सोनियास मनकर्णामामीचा आशीर्वाद.

मामाच्या तेराव्याला तू हैदराबादेहून आलीस, पण गर्दीत दोन शब्द बोलता आले नाय. तू कामाला तिकडं गेल्यावर काय झालं ते लिवते.

औषध संपल्यावर एक साल चांगलं गेलं. ते रोज सकाळी शाळेपतोर फिरून यायचे. मंग यंदा पोळ्याच्या सुमाराला पाठ दुखू लागली, डोळे पिवळे झाले. सत्यमनं दवाखान्यात नेलं, पोटाचा फोटो काढला. मोठ्या डॉक्टरांनी तिघांना आत बोलावलं. त्यांनी फोटो बघितला, सत्यमला थांबवलं, आन मला म्हणले की आजी, तुमी जरा बाहेर बसा. मी सवयीनं उठले बी.

ह्यांना ऐकू तर काय आलं नव्हतं, पण मला उठवलेलं दिसलं. त्यांनी माझं मनगट धरलं. डॉक्टरांना म्हणले, तिला बाहेर धाडू नका. काय असंल ते आधी तिला सांगा, मंग ती मला सांगंल.

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. मंग खुर्ची माझ्याकडं वळवून बोलू लागले. आजार काळजात, म्हंजी लिव्हरमदी, पसरला, आता ऑपरेशन व्हायचं नाय, दुखणं कमी ठेवू. मी समदं ऐकून घेतलं. मंग ह्यांच्या कानाशी वाकले आन त्यांना सांगितलं, एक शब्द न गाळता.

त्यांनी विचारलं, मंग आता घरी जायचं का. मी म्हणले, व्हय. कार्तिकापतोर ते घरीच व्हते, आन मी जवळ व्हते.

तू सुखी ऱ्हा. येत जा, तुझी मामी अजून हाय.

मनकर्णामामी