दसऱ्याच्या साडीची नीळ

आई, काल तुझ्या साड्या हॉलमधून उतरवून घरी आणल्या. माझं एकटीचं पहिलं प्रदर्शन संपलं. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "जेवली का वं?" आणि मग अंगण झाडता झाडता, "लोकं आले होते का?" आले, आई. पुष्कळ आले. तूच नव्हतीस.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर नेसून जायचीस ना, त्याच या साड्या. एरवी कळमेश्वरच्या कारखान्यात पॅकिंगला जाताना तू काहीही गुंडाळायचीस, विटकं, रफू केलेलं. पण दसऱ्याची साडी पांढरीशुभ्र, बारीक निळ्या काठाची, आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तुला खपायचा नाही. मला अजून दिसतं, मी लहान आहे, सक्करदऱ्याच्या आपल्या घरामागे नळाजवळ तू बादली घेऊन बसली आहेस. शेवटच्या पाण्यात नीळ टाकतेस, ढवळतेस, थांबतेस, ओंजळीत घेऊन पाहतेस. मी मोठ्या शहाणपणानं बाटली उचलते तर हातावर फाटकन बसते. "हात काढ! डाग पाडशीन. पांढरी व्हाले पाहिजे, निळी नाही." मी हात चोळत विचारते, "मंग किती टाकाची वं?" तू मान वर न करता म्हणतेस, "पाण्याकडे पाह्य. समजते." समजते! भाजीत मीठ किती, तर समजते. पोळीत मोहन किती, तर समजते. तुझ्याकडून कधी काही धड मापात कळलं असेल तर शपथ.

मला दसऱ्याची आपली रांग दाखवायची होती. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, कडेवर लेकरं, हातात डबे, आणि त्यात ताठ मानेनं चालणारी तू. चित्रं काढून पाहिली, पण तुझी चाल काही उतरेना. मग म्हटलं, तुझ्या साड्याच टांगू, नुसत्या, पांढऱ्या, ओळीनं. पेटी उघडली तर इतक्या वर्षांत पार पिवळ्या पडलेल्या. म्हणून मी त्या धुतल्या आणि नीळ दिली. वाळल्यावर पाहते तर जागोजागी निळे डाग! मी रडले. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. हॉलच्या मॅडमनी साड्या पाहिल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "बाप रे, काय केलंय तुम्ही! आता बोटसुद्धा लावू नका." मी साड्या तशाच टांगल्या. पेपरवाल्यांनी त्या डागांत अस्मिता पाहिली, कुणाला आभाळ दिसलं, कुणाला बंड. मी सगळ्याला मान हलवत गेले.

एक बाई माझा हात धरून डोळे पुसत म्हणाल्या, "आई फार लवकर विधवा झाल्या का हो?" पांढरी साडी म्हटली की लोकांना तेवढंच सुचतं. मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "मी जित्ता आहो ना बाई! आमच्यात सणाले नेसतेत पांढरं." बाई ओशाळल्या. मला हसू आवरेना. तूही पदर तोंडाला लावून हसली असतीस.

बाबा मात्र हसले नाहीत. काठी टेकत एका साडीजवळ गेले आणि त्यांनी डागावर बोट ठेवलं. "तुह्या मायनं असे डाग नसते पडू देल्ले," एवढंच म्हणाले. रागानं नाही. बाकी सगळ्यांनी माझं काम पाहिलं, त्यांनी तुझी साडी पाहिली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुला दाखवायला निघाले होते आणि तुझ्यावरच डाग पाडून बसले.

ज्याचं एवढं कौतुक झालं ते माझं चुकलेलं धुणं होतं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच बहुतेक.

आज सकाळीच बाबांनी बोट ठेवलेली ती साडी डाग काढून पुन्हा स्वच्छ धुतली. येत्या दसऱ्याला ती मी नेसावी असं बाबांच्या मनात आहे. ते ओट्यावर बसून वाट बघताहेत. शेवटचं पाणी भरलंय, बाटली हातात आहे. कधीची पाण्याकडे पाहून राहिली आहो, आई. मले नाही समजत.