गोल कोपऱ्याच्या तीन ओळी

मंगळवार, संध्याकाळ. काचीगुडा.

दादाने बनवलेली आमच्या ऑफिसची वेबसाइट आज साफ करायला घेतली. एका चौकटीचा कोपरा गोल करायला त्याच्या कोडच्या तीन ओळी. पहिल्या दोन ओळींच्या सुरुवातीला एकेका ब्राउझरचा प्रीफिक्स, म्हणजे त्याची स्वतःची खूण; तिसरी साधी.

शेजारच्या टेबलावरून स्वाती म्हणाली, "ताई, ते जुने प्रीफिक्स उडवा की! कायकू परेशान होता?"

दादा म्हणायचा, "नवी सोय कच्ची असेपर्यंतच ब्राउझरने स्वतःचा प्रीफिक्स लावावा. पक्की झाली की काढावा." त्या दिवसासाठी साधी ओळ तो आधीच लिहून ठेवायचा, नेहमी शेवटी.

तो जाऊन वर्ष होत आलं. त्याच्या हातच्या ओळी मी पुसायच्या? मग पहिल्या दोन पुसल्या, पान पुन्हा उघडलं.

कोपरा गोलच होता. दादाच्या साध्या ओळीने.