सकाळची पहिली किक

आबा, अक्काची गाडी माझ्या दुकानात उभी आहे, विकायला. तुम्ही तिला दिलेली तीच, टाकीला तुम्ही स्वतः रंग मारलेली. दुपारी भडगावचा एकजण येऊन पाहून गेला. अगदी हळू चालवून बघितली, इंजिनचा आवाज ऐकून खूश झाला आणि येत्या रविवारी न्यायला येतो म्हणाला. तुम्ही असतात तर पहिलं हेच विचारलं असतं की अक्का गाडी का विकतेय. त्याचं खरं उत्तर फक्त मला माहीत आहे आणि ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पाचोऱ्याचं आपलं गॅरेज हल्ली फार आठवतं. गाडी हळू चालवली की मिसिंग मारते, झटके देते, अशी तक्रार घेऊन कोणी आला की तुम्ही पान्याला हातच लावत नसायचात. गाडी भिंतीशी लावायची, रात्रभर थंड होऊ द्यायची आणि सकाळची पहिली किक आपण मारायची. गिऱ्हाईक लांबचं असलं तर ते आपल्याच ओट्यावर झोपणार. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता कुरकुरते आहे, "हाई गॅरेज शे का धरमशाळा?" आणि तुम्ही हसत म्हणता आहात, "थंडी गाडी खरं बोलस. गरम गाडी लबाड शे." सकाळी तुम्ही सायलेन्सरपुढे तळहात धरून उकिडवे बसता, डोळे मिटता आणि कुठला ठोका चुकला ते हातालाच कळतं. इंजिनातली झडप उघडणाऱ्या टॅपेटची फटसुद्धा तुम्ही इंजिन गार असतानाच बसवायचात. तापलं की ती फट वाढते, म्हणून गरम इंजिनवर घेतलेलं माप फसवं, हे तुम्ही मला मिसरूड फुटायच्या आधीपासून सांगत होतात.

तुमचे गुडघे गेले तेव्हा ही गाडी मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. तुम्ही चावी अक्काच्या हातात ठेवलीत. मी तोंड पाडून बसलो तर म्हणालात, "तुनाकडे गाड्याच गाड्या शेत. तिले रोज जानं पडस." ते खरंच होतं. फैजपूरहून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत लसींचा डबा घेऊन रोज जाणारी नर्सबाई ती. तिच्या गाडीचा आवाज आला की बाया पोरं कडेवर घेऊन बाहेर येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी माझ्या मनातली ती अढी काही गेली नाही. बायको विचारायची तेव्हा मी हसून उडवायचो, पण होती.

यंदा उन्हाळ्यात अक्का गाडी सर्व्हिसिंगला घेऊन जळगावला माझ्याकडे आली. भर दुपारी, फैजपूरपासून तापत आलेलं इंजिन. तिला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. मी तिला उसाचा रस पाजला आणि तो संपायच्या आत टॅपेटची फट बसवून मोकळा झालो. आमच्याकडे आता गाडी रात्रभर कोणी ठेवत नाही, ठेवायला जागाही नाही, पण ही कारणं मी तुम्हाला कशाला सांगतोय? बहीण होती ती. गाडी घरात, माझ्या पलंगाशेजारी ठेवता आली असती.

मग तिचा फोन. सकाळी निघाल्यावर गाडी हळू घेतली की झटके देते, बंद पडते. ऊन चढल्यावर नीट चालते. काय होतंय, कधी होतंय, सगळं तिने नेमकं सांगितलं होतं. मी म्हटलं, घेऊन ये. ती आली तोवर दुपार झालेली, गाडी तापलेली. मी चक्कर मारली, कुठे काही नाही. दुकानात चार माणसं बसली होती आणि मला जोर चढला. म्हणालो, "अक्का, गाडीले काही नही. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत शे तुनी." माणसं हसली. ती म्हणाली, "भाऊ, एक रात ठेव ना. सकायले तूच दख." मी म्हणालो, जागा नाही. आबा, त्या वेळी मला बरं वाटलं होतं. तुमची निवड चुकली होती असं चार लोकांत ठरलं, म्हणून बरं वाटलं. हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतंय.

पुढच्या आठवड्यात नाल्याच्या फरशी पुलावर, सकाळीच, गाडी बंद पडली आणि अक्का गाडीसकट आडवी झाली. मनगटाला प्लास्टर. पाहायला गेलो तेव्हा ती दाजींना सांगत होती, "गाडीना दोष नही. मनाच हात बठेल नव्हता." दोष तिच्याच हाताचा, हे माझे शब्द तिने खरे मानले होते.

मी तिथेच मुक्काम केला. सकाळी अंगण झाडायचं म्हणून दाजींनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि मी किक मारली. गाडी अडखळली, पुन्हा अडखळली आणि बंद पडली. सायलेन्सरपुढे हात धरायचीही गरज नव्हती. टॅपेटचं झाकण उघडलं. गरम इंजिनवर मी बरोबर बसवलेली फट गार झाल्यावर उरलीच नव्हती, त्यामुळे झडप पूर्ण मिटत नव्हती. माझ्या हातचं काम. अंगणातच मी ते नीट केलं, गाडी घड्याळासारखी चालू लागली. अक्का एका हातात चहा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "काय व्हतं रे?"

"काही नही," मी म्हटलं. "कार्बोरेटरमा कचरा व्हता."

तिने चहा माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "तरी आते मी नही चालाडस, भाऊ. जीवले भ्याव वाटस. गिऱ्हाईक दख." मी मान डोलावली आणि गाडी घेऊन आलो. आता ती पाड्यांवर जीपगाडीची वाट पाहत जाते. जीप येते तेव्हा येते, आणि बाया ताटकळतात.

खरं सांगितलं तर ती रविवारच्या आत गाडी परत घेऊन जाईल, एवढं मी तिला ओळखतो. रोज सकाळी फोन हातात घेतो, तिच्याशी भाच्यांच्या शाळेचं बोलतो आणि ठेवतो. तुम्ही शिव्या दिल्या असत्या, त्या मी खाल्ल्या असत्या, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. अक्का शिव्या देणार नाही. ती म्हणेल, "जाऊ दे भाऊ, व्हस असं," आणि मी जेवलो का ते विचारेल. मला त्याचीच भीती वाटते, आबा.